हौसेचे मोल लिहायला हवे

गेली बारा वर्षे मी लग्नाशी संबंधित व्यवसायांसाठी जाहिराती लिहिते. मंगल कार्यालये, लॉन्स, केटरर, सराफ, साड्यांची दुकाने, छायाचित्रकार, मेंदी काढणाऱ्या मुली असे सगळेच कधी ना कधी माझे ग्राहक झाले आहेत. या काळात वर्तमानपत्रातील चौकटीची जागा संकेतस्थळाने घेतली, संकेतस्थळाची जागा तीस सेकंदांच्या रीलने घेतली, आणि 'सुसज्ज व प्रशस्त' या जुन्या शब्दजोडीची जागा 'रॉयल' आणि 'ग्रँड' या शब्दांनी घेतली. कामाच्या पहिल्याच बैठकीत मिळणारी एक सूचना मात्र बारा वर्षांत बदलली नाही: मॅडम, दर लिहू नका.

मी ही सूचना अनेक वर्षे निमूटपणे पाळली. आज मला असे वाटते की लग्नाच्या खर्चाविषयी महाराष्ट्रात जी चर्चा चालते, तिच्यात या न लिहिलेल्या आकड्याचा विचार फारसा होत नाही आणि म्हणूनच ती चर्चा पुढे सरकत नाही. आपण मुलीच्या बापाला साधेपणाचा उपदेश करतो, तरुण जोडप्यांच्या हौसेला नावे ठेवतो, ज्ञातिसंस्थांच्या बैठकांत ठराव करतो; परंतु ज्याच्याकडे विकायला काहीतरी आहे त्याने आपला भाव उघडपणे सांगावा, अशी साधी मागणी कोणी करत नाही. लग्नाच्या प्रत्येक जाहिरातीत दर लिहिणे बंधनकारक असावे, आणि ते बंधन येईपर्यंत आम्हा लिहिणाऱ्यांनी दराशिवाय लिहिण्यास नकार द्यावा, असे माझे मत आहे.

दर का लिहायचा नाही, याचे उत्तर व्यवसायातील माणसे फार मोकळेपणाने देतात. दर लिहिला की माणूस वाचतो, मनात हिशेब करतो आणि पुढे जातो. दर नसला की त्याला फोन करावा लागतो. फोन आला की त्याचे नाव, नंबर आणि लग्नाची तारीख नोंदवहीत येते, आणि आमच्या धंद्यात जिला 'लीड' म्हणतात ती तयार होते. फोन घेणारी मुलगी आधी तारीख विचारते, मग पाहुण्यांचा अंदाज, मग अगदी सहज स्वरात 'मुलीकडचे की मुलाकडचे' आणि शेवटी 'साधारण बजेट काय धरले आहे'. या चार उत्तरांनंतर जो आकडा सांगितला जातो, तो त्या कार्यालयाचा दर नसून त्या कुटुंबाची ऐपत आणि अडचण यांची बेरीज असते. एकाच सभागृहासाठी, एकाच महिन्यात, दोन कुटुंबांना वेगवेगळे आकडे सांगितले गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्या दोघांनाही फोनपर्यंत आणणारा मजकूर मीच लिहिला होता.

एरवी भाजीच्या जुडीला घासाघीस करणारा मराठी माणूस इथे गप्प का बसतो, याची कारणे लग्नाच्या रचनेतच आहेत. आपल्याकडे मुहूर्त मोजके. चातुर्मासात बहुतेक घरे लग्न धरत नाहीत, तुळशीचे लग्न लागल्यावर हंगाम सुरू होतो, पौष महिना अनेक जण टाळतात, मग माघ-फाल्गुन आणि पुढे परीक्षा संपल्यावरचे दिवस. गुरू-शुक्राचा अस्त आला की तेही आखडतात. पंचांगातून एकदा तारीख निघाली की ती हलवणे म्हणजे दोन घरांच्या बैठका पुन्हा घेणे, आणि याद्या झालेल्या घरात ही गोष्ट कोणालाच नको असते. शिवाय लग्नाचा ग्राहक हा नवखा ग्राहक असतो. किराणा दर महिन्याला घेतो म्हणून त्यातले आपल्याला कळते. कार्यालय आपण आयुष्यात एकदा, फार तर दोन-तीन वेळा ठरवतो, आणि मागच्या वेळचा अनुभव दहा वर्षे जुना झालेला असतो. त्यावर कडी म्हणजे हा व्यवहार बहुधा व्याह्यांच्या देखत होतो. विहीणबाई शेजारी बसल्या असताना 'जनरेटरचे वेगळे कशाला' असे विचारायची मुलीच्या वडिलांची छाती होत नाही. तारखेने बांधलेला, माहिती नसलेला आणि चारचौघांत भाव करायला लाजणारा ग्राहक विक्रेत्याला याहून सोयीचा कुठे मिळणार?

आता या न लिहिलेल्या दराचे पोट उघडून पाहू. मंगल कार्यालयाचे भाडे म्हणून जो आकडा प्रथम सांगितला जातो, तो बहुधा बारा तासांचा असतो. पुढच्या प्रत्येक तासाचे वेगळे, वीज मीटरप्रमाणे वेगळी, जनरेटरचे डिझेल वेगळे, सफाई वेगळी, पाहुण्यांच्या जादा खोल्या वेगळ्या, भांडी मोडली तर त्यांची भरपाई वेगळी. ओळखीचा डेकोरेटर किंवा घरचा आचारी आणायचा म्हटले तर कार्यालय त्यावर 'रॉयल्टी' घेते. हा शब्द पुस्तकांच्या आणि खाणींच्या व्यवहारातून मंडपात कसा शिरला हे मला आजवर उमगलेले नाही. आणि सगळ्यांत महागडी ओळ ताटांच्या हमीची. समजा ताटाचा दर 650 रुपये आहे आणि किमान 500 ताटांची हमी दिलेली आहे. प्रत्यक्षात 380 माणसे जेवली, तरी पैसे 500 ताटांचेच द्यायचे. म्हणजे कोणीही न जेवलेल्या 120 ताटांचे 78,000 रुपये. हा नियम अन्यायाचाच आहे असे मी म्हणत नाही, कारण केटररने भाजी, दूध आणि वाढपी पाचशेच्या हिशेबानेच सांगितलेले असतात. परंतु हा नियम यजमानाला कधी कळतो? माझ्या अनुभवात बहुतेकदा आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर, पावतीच्या मागच्या बाजूला.

मला आठवते, लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावातील कार्यालयात व्यवस्थापकाच्या खोलीत एक छापील दरपत्रक काचेच्या चौकटीत लावलेले असे. सभागृहाचे भाडे, पातेली-परातींचे भाडे, पाटांची संख्या, विहिरीवरच्या मोटारीचे पैसे, इतकेच काय, पत्रावळी कुठे टाकायच्या तेही त्यावर होते. त्या भाषेला कुठलाही लालित्याचा स्पर्श नव्हता, आणि खाली 'अक्षतांसाठी कार्यालयाचे तांदूळ मिळणार नाहीत' अशी करडी सूचनाही होती. आज जाहिरात-लेखिका म्हणून मी त्या पत्रकाकडे पाहते तेव्हा वाटते की यजमानाच्या दृष्टीने त्याहून उपयोगी मजकूर मी बारा वर्षांत एकदाही लिहिलेला नाही.

या व्यवसायात माझे काम नेमके काय असते, तेही सांगायला हवे, कारण 'आम्ही काय, सांगितले ते लिहितो' ही पळवाट आमच्या क्षेत्रात फार लोकप्रिय आहे. ग्राहकाच्या मनात दर विचारण्याची जी स्वाभाविक इच्छा असते, तिला दुसरीकडे वळवणारी वाक्ये आम्ही रचतो. 'लग्न आयुष्यात एकदाच होते' हे वाक्य मी किती रूपांत लिहिले असेल याची गणती नाही. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या या वाक्याचा मथितार्थ असा की आज हिशेब करशील तर जन्मभर हळहळशील, आणि मुलीच्या बापाला तो बरोबर कळतो. दुसरे वाक्य घाईचे. 'मे महिन्यातील फक्त दोनच मुहूर्त शिल्लक' असे मी एका लॉन्ससाठी लिहिले, तेव्हा त्यांची नोंदवही मी पाहिलेलीही नव्हती. मालकांनी दूरध्वनीवर सांगितले आणि मी टंकले. त्याच महिन्यात त्याच लॉन्सच्या आणखी पाच तारखा विकल्या गेल्या. तिसरा प्रकार अस्सलपणाच्या दाव्याचा आहे आणि तो मला अधिक बोचतो.

एका साडीविक्रेत्यासाठी मी बस्त्याच्या हंगामात 'अस्सल येवल्याची पैठणी' असा मजकूर लिहिला होता. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या पैठणीला कित्येक आठवडे, नक्षी दाट असेल तर कित्येक महिने लागतात. पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबणारे धागे दिसत नाहीत. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे ते नाव कोणीही कुठल्याही कापडाला लावू नये अशी कायद्याची अपेक्षा आहे. मी ज्या साड्यांविषयी लिहिले त्या यंत्रमागाच्या होत्या, आणि मागून पाहिले असते तर मलाही ते कळले असते. यात विशेष असे की बाजाराने स्वतःच त्या साडीसाठी 'सेमी पैठणी' असा प्रामाणिक शब्द तयार करून ठेवला आहे. दुकानातला विक्रेता गादीवर बसून तो शब्द सहज वापरतो, गिऱ्हाइकाला दोन्हीतील फरक आणि किमतीही सांगतो. तो शब्द गाळण्याचे काम केले ते जाहिरात लिहिणाऱ्या बाईने. विकणाऱ्यापेक्षा लिहिणारी अधिक खोटी निघाली, हे मला मान्य केलेच पाहिजे.

सराफांचा दाखला याच्या उलट आहे आणि माझ्या मुद्द्याला तो बळ देतो. लग्नातील बहुधा सर्वांत मोठी खरेदी सोन्याची, आणि तिथे रोज सकाळी दुकानाच्या दर्शनी भागात 'आजचा भाव' लागतो. 2021 च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि यामुळे एकाही पेढीची शान कमी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लबाडी उरली ती जिथे आकडा उघड नाही तिथेच, म्हणजे घडणावळीत. 'घडणावळीवर 50 टक्के सूट' असे फलक दर धनत्रयोदशीला आणि अक्षय्य तृतीयेला आपण पाहतो. मूळ घडणावळ किती हे कुठेही लिहिलेले नसल्यामुळे ती सूट कशावर आहे हे फक्त पेढीला ठाऊक असते. भाव उघड असलेल्या आणि झाकलेल्या दोन्ही पद्धती एकाच दुकानात शेजारी शेजारी नांदतात, आणि गिऱ्हाइक कुठे नाडले जाते ते आपोआप दिसते.

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच तयार केली असणार. सामान्य माणसाच्या आयुष्यातील या दोन खर्चांची जात एकच: रक्कम मोठी, अनुभव शून्य, आणि मागे फिरण्याची सोय नाही. यांपैकी घराच्या बाबतीत आपण काहीतरी केले. 2016 मध्ये स्थावर संपदा कायदा आला, 1 मे 2017 पासून महारेराचे काम सुरू झाले, बांधकाम व्यावसायिकाला जाहिरातीत नोंदणी क्रमांक देणे भाग पडले, 'सुपर बिल्टअप' नावाच्या धूसर चौरस फुटांऐवजी चटई क्षेत्र सांगणे भाग पडले, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातींवर क्यूआर कोडही आला. त्या वेळी बांधकाम क्षेत्रासाठी लिहिणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांनी केवढा आकांत केला होता! जाहिरातीचे सौंदर्य संपले, आता फक्त तक्ते छापायचे, वगैरे. प्रत्यक्षात घरांच्या जाहिराती अजूनही तितक्याच देखण्या आणि तितक्याच अतिशयोक्त असतात, फक्त कोपऱ्यात एक क्रमांक असतो आणि शंका आलेला माणूस तो तपासू शकतो. म्हणीतील पहिल्या अर्ध्या भागाला संरक्षण मिळाले. दुसरा अर्धा भाग अजून उघड्यावर आहे.

त्यासाठी नव्या कायद्याची फार मोठी गरज आहे असेही नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या हक्कांमध्ये वस्तू आणि सेवा यांच्या दर्जाबरोबर किमतीची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्टपणे घातलेला आहे. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिराती आहेत, 'मोफत' या शब्दाचा गैरवापर आहे, आणि खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा असेही आहे. म्हणजे मराठीत आमंत्रण आणि इंग्रजीत अटी, हा आमचा आवडता प्रकार त्यात बसत नाही. 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या युक्त्यांविषयीची तत्त्वे अधिसूचित झाली आणि त्यांत तेरा प्रकार नोंदवले गेले. ती यादी मी प्रथम वाचली तेव्हा कोणीतरी माझ्या संगणकात डोकावून ती तयार केली असावी असे वाटले. खोटी घाई त्यात आहे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणे त्यात आहे, नकार देणाऱ्याला शरमिंदे करणेही त्यात आहे. 'दोनच मुहूर्त शिल्लक', 'वीज-जनरेटर वेगळे' आणि 'आयुष्यात एकदाच' या माझ्या तिन्ही वाक्यांना तिथे जागा तयार आहे.

तरीही याविरुद्ध तक्रार जवळजवळ कोणी करत नाही, आणि त्याचे कारण कायद्यात सापडत नाही. लग्न पार पडल्यावर बिलावरून भांडणे आपल्याकडे अशुभ मानतात. वऱ्हाड परत गेलेले असते, मुलगी नव्या घरी रुळत असते, आणि कार्यालयवाला बहुधा कोणाच्या तरी ओळखीचाच असतो. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मंगल कार्यालयाची तक्रार केलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि पुढेही लवकर भेटेल असे वाटत नाही. म्हणूनच नंतरच्या तक्रारीवर विसंबणारी व्यवस्था इथे निरुपयोगी आहे. आकडा आधीच, जाहिरातीतच, दिसला पाहिजे. सभागृहे आणि लॉन्स यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या परवानग्या लागतातच. परवानगीच्या वेळी दरपत्रक जमा करणे आणि तेच दरपत्रक जाहिरातीत व प्रवेशद्वाराशी लावणे ही अट घालता येईल. त्यात भाडे किती तासांचे, कशाकशासह, ताटाचा दर आणि हमीची संख्या, बाहेरच्या माणसांवरील आकार आणि लग्न रद्द झाल्यास परताव्याचा नियम, इतके असले तरी पुरे. शेवटची बाब 2020 च्या टाळेबंदीत आगाऊ रकमा अडकलेल्या कुटुंबांना विचारावी.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक अगदीच लटका आहे. हंगामानुसार दर बदलतात म्हणून ते छापता येत नाहीत, असे सांगितले जाते. विमानाचे आणि हॉटेलचे दर रोज बदलतात आणि तरीही तारीख टाकली की समोर दिसतात. दुसरा आक्षेप गंभीर आहे. लग्नावर लाखो हातांचे पोट आहे: झेंडू आणि जरबेरा पिकवणारा शेतकरी, रोजंदारीवरचे वाढपी, सनई-चौघडावाले, ब्रास बँडमधील कलाकार, रात्रभर पोळ्या लाटणाऱ्या बायका. 2023 च्या डिसेंबरात देहरादूनच्या गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधानांनी 'वेड इन इंडिया' असे आवाहन केले, तेव्हा त्यामागेही हाच रोजगाराचा विचार होता, आणि तो खोटा नाही. साधेपणाचा सरसकट आग्रह धरणाऱ्यांनी या माणसांकडे पाहायला हवे. पण दर झाकल्यामुळे या माणसांचे भले होते काय? माझ्या पाहण्यातील गोष्ट उलटी आहे. झाकलेल्या दरात मधल्यामध्ये वाढते ती दलाली. यजमानाला ताटाचा जो दर सांगितला जातो आणि आचाऱ्याच्या हाती जे पडते, यांतील अंतर कोणालाच दिसत नाही, आणि वाढप्याची मजुरी तर मुळीच दिसत नाही. आकडे उघड झाले तर गावातला चोख आचारी शहरातल्या चकचकीत केटररसमोर निदान तुलनेला तरी उभा राहील.

तिसरा आक्षेप माझ्याच मनातून येतो: लोकांचे पैसे, लोकांची हौस, त्यात तुम्ही कोण पडणारे? हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतोच. मी हौसेच्या विरुद्ध नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात रुखवतावर जितके आठवडे गेले तितके मी अभ्यासावर कधी घालवले नसतील. पण या म्हणीचा बाजाराने शब्दशः अर्थ लावला आणि हौसेच्या वस्तूवर मोलच लिहिणे बंद केले, हे मला खटकते. आपली हौस केवढ्याला पडणार हे आधी माहीत असूनही जो ती करतो, त्याच्या आड कोणी येऊ नये. ज्याला ते माहीतच होऊ दिले जात नाही, त्याच्या खर्चाला हौस म्हणण्यास मी तयार नाही.

निव्वळ निर्बंधांनी काय होते ते आपण एकदा पाहिले आहे. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने लग्नाला 25 माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली. आता तरी लग्ने स्वस्त होतील, असे पुष्कळांना वाटले आणि काही घरांत तसे झालेही. पण आमच्या क्षेत्राने अल्पावधीतच 'इंटिमेट वेडिंग' नावाचा प्रकार विक्रीला काढला. माणसे कमी, म्हणून प्रत्येक माणसामागे फुले अधिक, चित्रीकरणाला ड्रोन, न येऊ शकणाऱ्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपण आणि घरपोच मिठाईच्या सुबक पेट्या. त्या पॅकेजचा मजकूर मी लिहिला होता आणि त्यातही दर नव्हता. पाहुणे चारशेवरून पंचविसावर आले, तरी विक्रेत्याच्या हातातील मुख्य हत्यार जसेच्या तसे राहिले.

हीच शंका मला अलीकडच्या आचारसंहितांविषयी आहे. मे 2025 मध्ये पुणे परिसरातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तिच्या लग्नातील 51 तोळे सोने आणि महागडी मोटार यांची चर्चा महाराष्ट्रभर झाली, आणि मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता पुढे आली: पाहुणे मर्यादित, डीजे नको, प्री-वेडिंग चित्रीकरण नको, हुंडा तर नकोच. या प्रयत्नांचा मला मनापासून आदर वाटतो. हुंड्याचा प्रश्न जाहिरातीतील दराने सुटणारा नाही, 1961 च्या कायद्यानेही तो सुटलेला नाही, आणि तो इथे मिसळण्याचा माझा हेतू नाही. परंतु खर्चापुरते बोलायचे तर या संहितांतील प्रत्येक कलम घरच्या माणसाला 'नाही म्हण' असे सांगते आणि समोर बसलेल्या विक्रेत्याला काहीच सांगत नाही. ज्या वधूपित्याला आजवर विहिणीसमोर जनरेटरचे पैसे विचारता आले नाहीत, त्याच्याच खांद्यावर आता समाजसुधारणेचेही ओझे टाकलेले आहे. त्याच बैठकीत 'आमच्या समाजाची लग्ने, लेखी दरपत्रक देणाऱ्या कार्यालयातच होतील' असा एक ठराव झाला असता, तर त्या भागातील सगळ्या लॉन्सवर महिनाभरात फलक लागले असते, कारण एवढे गिऱ्हाइक कोणीही सोडत नाही.

लग्नासाठी लिहिणाऱ्याच्या शब्दांना इतके महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात तरी हा प्रश्न पडू नये. सत्यशोधक समाज सप्टेंबर 1873 मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. महात्मा फुले यांनी या विवाहपद्धतीसाठी स्वतः मंगलाष्टके रचली आणि त्यांत वधू-वरांना एकमेकांशी बोलते केले, वधूला स्त्रियांच्या हक्कांची मागणी करायला लावली. लग्नात कोणते शब्द उच्चारले जातात यावर त्या घरातील देणे-घेणे कसे ठरते, हे त्यांना पुरते कळले होते. एवढ्या उंचीचे काम आमच्याकडून कोणी मागत नाही. आमच्याकडून एक आकडा लिहिण्याची अपेक्षा आहे, जो साध्या लग्नपत्रिकेलाही जमतो: मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटे, भोजन मुहूर्तानंतर, स्थळ अमुक, आणि 'कृपया आहेर आणू नये'. पत्रिकेत यजमान पाहुण्याला कशाचे काय ते स्पष्ट सांगतो; त्याच यजमानाला आम्ही मात्र अंधारात ठेवतो.

गेल्या वर्षीपासून मी कामाच्या अटींत एक ओळ घातली आहे: दर, हमीची ताटे आणि वेगळे आकार यांचा उल्लेख नसलेला मजकूर लिहिला जाणार नाही. तीन जुने ग्राहक त्यानंतर फिरकले नाहीत. त्यांतील एकाचे आताचे मजकूर वाचले, ते माझ्यापेक्षा बरे लिहिलेले आहेत, आणि दर त्यांतही नाहीत. म्हणजे एकट्याच्या नकाराने हा प्रश्न सुटत नाही, हे मला पुरेसे कळले आहे, आणि बंधनाची मागणी मी त्यासाठीच करते. आडवाटेच्या गावातील एक कार्यालय मात्र राहिले. त्यांच्या मालकांनी पहिल्यांदा सगळे आकडे छापले तेव्हा दूरध्वनी निम्म्यावर आले आणि त्यांनी मला चार शब्द ऐकवले. महिन्याभराने त्यांनीच सांगितले की फोन येतात ते आता दर विचारायला येत नाहीत, तारीख मोकळी आहे का ते विचारायला येतात, आणि ऑफिसातल्या मुलीचा अर्धा दिवस वाचतो.

तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामासाठी त्याच कार्यालयाचा नवा फलक सध्या माझ्याकडे आहे. मालकांनी कच्च्या प्रतीवर एकच दुरुस्ती सुचवली आहे: 'बाकी सगळे छान, फक्त बाहेरच्या केटररच्या रॉयल्टीची ओळ जरा बारीक अक्षरात घ्या.' मी ती ओळ होती त्याच आकारात ठेवून प्रत परत पाठवली आहे, आणि त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.